गारठलेल्याला ऊब देताना: कांडी, वासरू आणि माणूस

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एकतीस वर्षे गाई भरवल्या. सरकारी कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. वाळपईच्या आसपास मला नावाने ओळखणारे थोडे, ‘कांडीवाला’ म्हणून ओळखणारे फार. खांद्याला थर्मास, स्कूटरवर नायट्रोजनचा डबा आणि जून लागला की त्यावर प्लास्टिक. निवृत्त झालो तरी फोन येतात, फक्त कारणे बदलली. वासरू गारठलेय, काय करू? आजोबा भिजून आलेत, बोलणे अडखळतेय, काय देऊ? गोव्यात कसली आली थंडी, असे घाटावरचे पाहुणे विचारतात. त्यांना म्हणावे, आषाढात चोर्ला घाटाच्या पायथ्याशी ओल्या कपड्यांत, वाऱ्यावर एक रात्र काढून बघा.

गार पडले की तापवायचे, आणि जितके लवकर तापेल तितके बरे, असे सगळ्यांना वाटते. कांडीपुरते ते खरे आहे. माणसाच्या बाबतीत तीच घाई नडते. म्हणून कांडीपासून सुरुवात करतो, कारण तेवढे माझे हातखंडा काम.

कांडी म्हणजे सायकलच्या स्पोकएवढी जाड प्लास्टिकची नळी. आत पाव मिलिलिटर वीर्य. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर बुडलेली असते आणि डब्यातला नायट्रोजन संपू दिला नाही तर वर्षानुवर्षे तशीच राहते. गाय माजावर आली की ती कांडी बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरायची. काम एवढेच, पण यातली प्रत्येक पायरी चुकवता येते, आणि मी बहुतेक चुकवून पाहिल्या आहेत.

आधी पाणी तयार ठेवा, मग डब्याचे झाकण उघडा. उलटे करणारे खूप पाहिले. पावसाळ्यात विहिरीचे पाणी साधारण २७-२८ अंश असते. सात पेले ते पाणी आणि एक पेला उकळते, एवढे थर्मासात मिसळले की ३७ च्या जवळ पोचता. पुढचे थर्मामीटरने ठरवा, बोटाने नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोर्ल्याला जाताना माझा थर्मामीटर फुटला. जुलै महिना, हात गारठून बधिर झालेले. वहिनींनी आणलेल्या पाण्यात बोट घातले तर चांगले गरम लागले. गारठलेल्या बोटाला कोमटही गरमच लागते, हे तेव्हा सुचले नाही. एकविसाव्या दिवशी गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. गाय उलटायला पन्नास कारणे असतात, पण त्या पाण्याचा सल मला आजही आहे. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘भाऊ, तुमची कांडी जागीच झाली नव्हती.’ त्यानंतर पिशवीत कायम दोन थर्मामीटर.

डब्यातला कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवलेले लांब दांड्याचे भांडे, डब्याच्या गळ्याच्या वर आणू नका. मान खाली घालून चिमट्याने कांडी शोधा आणि आठ-दहा सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर परत खाली सोडा, थांबा, पुन्हा उचला. आपण एक कांडी शोधत असतो तेव्हा तिच्या बाजूच्या पंचवीस कांड्या उबेला येत असतात. त्या पुन्हा खाली गेल्या तरी झालेले नुकसान भरून येत नाही आणि वरून काही दिसतही नाही. दिसते ते तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच कोणाच्या गोठ्यात.

कांडी पाण्यात गेली की घड्याळ बघा. तीस सेकंदांनी बाहेर काढून कोरडी पुसा. पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणूंचे वाटोळे होते. टोक सरळ कापा, गनमध्ये, म्हणजे वीर्य सोडायच्या लांब नळीत, भरा, वर शीथ, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, चढवा आणि ऊन, वारा, पाऊस लागू न देता पंधरा मिनिटांच्या आत काम उरका. गोठा शंभर पावलांवर असेल तर मी गन शर्टाच्या आत, अंगाला लावून नेत असे. लोक हसायचे.

इतकी घाई का? गोठलेल्या द्रवात बर्फाचे बारीक कण असतात. शून्याकडे येताना ते सावकाश तापले तर बारीक कण एकमेकांना मिळून मोठे होतात आणि पेशींची आवरणे फाडतात. भरकन तापवले तर त्यांना मोठे व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय आत ग्लिसरॉल असते. ते गोठताना पेशीला सांभाळते, पण उबेला आल्यावर त्याचा सहवास फार वेळ चांगला नसतो. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ मध्ये लंडनजवळ मिल हिलच्या प्रयोगशाळेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांना सापडला, तोही बाटल्यांच्या गोंधळातून. साखरेचे द्रावण समजून वापरलेल्या बाटलीत भलतेच काही होते आणि कोंबड्याचे शुक्राणू गोठून परत हलू लागले. त्या बाटलीवर माझे एकतीस वर्षांचे पोट चालले.

मग माणूसही असाच पटकन तापवता येईल की, असे आमच्या प्रशिक्षणात एकाने विचारले होते. प्रश्न भाबडा होता, पण त्याच मिल हिलमध्ये तो खरोखर विचारला गेला. १९५० च्या दशकात ऑड्री स्मिथ आणि जेम्स लव्हलॉक यांनी हॅमस्टर नावाचे उंदरासारखे प्राणी अर्धेमुर्धे गोठवून परत जिवंत केले. सुरुवातीला छातीवर तापवलेला चमचा ठेवत. कातडी भाजायची, आत गारच. मग लव्हलॉकने मायक्रोवेव्हच्या लहरी वापरल्या, म्हणजे आतून-बाहेरून एकदम ऊब. अडचण आकाराची आहे. स्पोकएवढ्या कांडीत उष्णता काही सेकंदांत मध्यापर्यंत पोचते. मूत्रपिंडाएवढ्या गोळ्याचे बाहेरचे तापते, आतले मागे राहते आणि काचेसारखे तडकते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उंदराची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत अतिथंड ठेवून परत उबेला आणली आणि दुसऱ्या उंदरांना बसवली. त्यासाठी त्यांनी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांत लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण भरले होते. भोवती चुंबकीय क्षेत्र फिरवले की ते कण तापतात आणि सगळे इंद्रिय एकाच वेळी उबेला येते. तेही उंदराचे. माणसाचे अजून लांब आहे.

नायट्रोजन हाताळणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण माझ्या डाव्या तर्जनीच्या पेरावर पांढरा डाग आहे. कॅनिस्टरचा दांडा ओल्या हाताने धरला आणि बोट चिकटले. ओढू नका, चोळू नका, चुलीपुढे धरू नका. कोमट पाणी ओता, चिकटलेले आपोआप सुटू द्या. गोठून पांढरे, कडक पडलेले बोट ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे, पुन्हा लाल आणि मऊ होईपर्यंत बुडवून ठेवायचे आणि डॉक्टर गाठायचा. म्हणजे कांडीचेच पाणी! बोट लहान, गोठलेले, म्हणून त्यालाही हीच घाई. त्या वेळी इतके ठणकते की डोळ्यांतून पाणी येते. आणि डबा बंद काचांच्या गाडीतून नेऊ नका. एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो गाडीतली हवा गुपचूप बाहेर ढकलतो.

आता वासरू.

पावसाळ्यात रात्री गाय व्यायली, गोठ्यात पाणी शिरले, सकाळी वासरू मान टाकून पडले आहे, असा फोन दरवर्षी येतो. मी पहिला प्रश्न विचारतो: त्याच्या तोंडात बोट घातले का? तोंड ऊबदार असेल आणि ते बोट चोखत असेल तर निम्मी लढाई जिंकली. तोंड गार आणि चोखणे नाही, तर काहीही पाजू नका. गिळण्याचे भान नसलेल्या वासराच्या नरड्यात दूध ओतले की ते फुप्फुसात जाते. थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा. वासराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असते. ते ९४-९५ च्या खाली गेले असेल तर प्रकरण गंभीर.

पहिल्यांदा ते कोरडे करा. गोणपाट, जुने लुगडे, पेंढा, काहीही चालेल, पण जोर लावून चोळा. वासराला चोळायचे असते, त्याने श्वासही सुधारतो आणि गाय चाटते तेच काम आपण करतो. (माणसाचे उलटे आहे, ते पुढे येतेच.) ओले ठेवून वर पन्नास घोंगड्या टाकल्या तरी उपयोग नाही, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढते. अगदीच गार असेल तर मोठ्या टबात ३८ ते ४० अंशांचे पाणी घ्या, मान वर धरा आणि तोंड उबेला येईपर्यंत बुडवून ठेवा. आमच्याकडे न्हाणीघरात भाणात पाणी तापलेलेच असते, त्याला गार मिसळायचे. बाहेर काढल्यावर परत पूर्ण कोरडे करायचे, हे विसरलात तर सगळी मेहनत गटारात.

बोट चोखू लागले की चीक. देशी वासराचे वजन वीस किलो धरले तर पहिल्या सहा तासांत दोन लिटर, त्यातला अर्धा पहिल्या दोन तासांत. वासरू रोगाशी लढण्याची ताकद आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ती चिकातून मिळते, आणि आतड्याचे ते दार दिवसभरात बंद होते.

गाय आटलेली असेल किंवा दगावली असेल तर काय? म्हणून चीक गोठवून ठेवा. पहिल्या दोहनाचा, स्वच्छ, लिटरच्या बाटल्यांत थोडी जागा सोडून भरलेला, वर तारीख लिहिलेला. फ्रीजरमध्ये वर्षभर टिकतो. बायकोचा याला विरोध होता, बांगड्यांशेजारी चीक ठेवायचा नाही म्हणून. पण मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या दोन महिन्यांत फ्रीजरमध्ये जागाही असते आणि गरजही, तेव्हा तह झाला.

तो गोठलेला चीक उबेला आणताना मात्र बहुतेक जण मारतात. बाटली सरळ उकळत्या पाण्यात. काय होते ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही: खरवस होतो. खरवस वाफेवर घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे, आणि वासराला जे हवे ते रोगप्रतिकारक घटकही प्रथिनेच. ६० अंशांच्या पुढे ते बिघडू लागतात, चीक दिसायला पातळ राहिला तरी. म्हणून पाणी ४५ ते ५० अंश, हाताला सोसवते पण फार वेळ नाही, असे. बाटली त्यात हलवत राहा, पाणी निवले की बदला. लिटरला अर्धा तास तरी लागतो. मायक्रोवेव्हमध्ये कडेला खरवस आणि मध्ये बर्फ, दोन्ही एकाच बाटलीत मिळतात. हॅमस्टर लहान होता म्हणून जमले. पाजताना चीक ३८-३९ अंशांवर हवा. आधी वासराला उठवून बसवा, मग बाटली.

माणसाबद्दल लिहिताना मी डॉक्टर नाही हे ध्यानात ठेवा. पण आमच्या वाड्यावर जे घडले ते सांगतो. ऑगस्टमधली संध्याकाळ, ओहोळ फुगला, आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेलेले माझे काका पलीकडे अडकले. वय सत्तरीपुढचे. चार तासांनी आणले तेव्हा जीभ जड, पाय वेडेवाकडे, आणि अंगावरचा ओला सदरा स्वतःच काढायला बघत होते. कोणीतरी म्हणाले, घेऊन बसलेत वाटते. पण उर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा, मोसम मेमध्येच संपतो आणि तोंडाला वासही नव्हता. शरीराचे आतले तापमान ३५ च्या खाली गेले की माणूस असाच दिसतो. पिऊन आल्यासारखा. ३२ पर्यंत कापरे भरते. त्याच्याही खाली गेले की कापरे थांबते, आणि घरच्यांना वाटते बरे वाटले. ती सगळ्यात वाईट खूण. घरातला पाऱ्याचा थर्मामीटर लावून फसू नका, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही.

आम्ही केले त्यातले निम्मे बरोबर होते. पडवीतून आत घेतले, ओले कपडे कात्रीने कापले, अंग टिपून कोरडे केले, खाली चटई आणि घोंगडी, वर दोन वाकळ, डोक्याला मफलर. जमीनही उष्णता ओढते, म्हणून खालचे पांघरूण वरच्याइतकेच महत्त्वाचे. माणसाला आडवेच ठेवावे आणि हळुवार हलवावे. फार थंड झालेले हृदय चिडके असते. धसमुसळेपणाने उचलले, उभे केले, चालवले तर त्याची लय बिघडू शकते.

चुकले ते असे. एक शेजारी हातपाय चोळू लागला. दुसऱ्याने फेणीचा पेला आणला. आणि मी शहाण्याने गरम पाण्याची पिशवी थेट तळपायाला लावली. थंडीत शरीर कातडीकडचे रक्त आखडून घेते, मधले घर सांभाळायला. हातपाय तापवले किंवा चोळले की तिकडचे रक्ताचे रस्ते उघडतात, दाब उतरतो आणि तिथले थंड रक्त हृदयाकडे येते. फेणीही तेच करते. अंगात ऊब आल्यासारखे वाटते, कारण आतली ऊब कातडीवर येऊन निघून जात असते. आणि गारठलेल्या पायाला चटका कळत नाही. काकांच्या टाचेवर फोड आला. तो भरायला दीड महिना लागला आणि तोवर मला रोज ऐकावे लागले.

म्हणजे ऊब धडाला द्यायची: छाती, पाठ, काखा. पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळूनच. कोरडा, धडधाकट माणूस पांघरुणात शेजारी झोपला तरी चालते. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, तर गरम गोड चहा किंवा पातळ पेज. ग्लानीत असेल तर तोंडात काही नाही. गरम पाण्याने आंघोळ नाही. आणि पहिल्याच मिनिटाला १०८ ला फोन, वाकळ शोधायच्या आधी. श्वास दिसत नसेल तर घाईने ‘गेला’ म्हणू नका. फार थंड माणसाची नाडी इतकी मंद असते की एक मिनिट पुरे तपासावी लागते. श्वास, नाडी नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

डॉक्टरांत एक म्हण आहे: ऊबदार करूनही जिवंत झाला नाही, तरच मेला म्हणा. १९९९ मध्ये नॉर्वेत आना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्याच्या बर्फाखाली ऐंशी मिनिटे अडकली होती. आतले तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले, हृदय बंद. ट्रोम्सोच्या इस्पितळात तिचे रक्त यंत्रातून फिरवून, बाहेर तापवून परत आत सोडले. म्हणजे ऊब कातडीकडून नाही, हृदयाकडून आली. ती वाचली आणि पुन्हा इस्पितळात काम करू लागली. आमच्याकडे असले बर्फाचे ओढे नाहीत, पण मी ही गोष्ट छाती दाबून दमलेल्या लोकांना सांगतो.

तान्ह्या बाळाचे माझ्या आक्काकडून ऐकलेले. ती नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका होती. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ हवे. जन्मल्याबरोबर कोरडे करा, डोक्याला टोपी घाला आणि आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून दोघांना पांघरूण. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी होत्या म्हणून. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवा, सुईणबाई कितीही रागावल्या तरी. गरम पाण्याच्या बाटल्या बाळाशेजारी नकोत. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. ओवा-वावडिंगाच्या धुरीचा वास कितीही छान असला तरी कोळशाचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

काही बाळांना मुद्दाम थंड ठेवतात, हे तिने सांगितले तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर ३३.५ अंशांवर ७२ तास. मग परत उबेला आणायचे, पण तासाला अर्धा अंश, त्याहून जास्त नाही, नाहीतर झटके येऊ शकतात. म्हणजे ३६.५ ला पोचायला सहा तास. ‘तुझ्या कांडीला तीस सेकंद, माझ्या बाळाला सहा तास,’ असे ती मला चिडवायची. तेवढ्या वेळात बाप काचेपलीकडून खुणा करत राहतो, मशीन जरा वाढवा म्हणून. ती मान हलवायची, थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायची आणि पुन्हा घड्याळाकडे बघत बसायची.